अडतीस विद्यार्थी आणि चार उत्तरं

वाचकाचं पत्र: मी एका संस्थेत हिशेबनीसीचा एक वर्षाचा अर्धवेळ अभ्यासक्रम शिकवते. वर्गात ३८ जण आहेत, सगळे नोकरी किंवा धंदा सांभाळून शिकणारे. संध्याकाळचे ऑनलाइन वर्ग घेऊन पाहिले, पण कुणी ड्युटीवर, कुणी प्रवासात; हजेरी दहावर आली. म्हणून यंदा पाठ ईमेलने पाठवायचे ठरलं. मी मनापासून नोट्स काढल्या. आतापर्यंत तीन प्रकरणं पाठवली, प्रत्येकी तीस-पस्तीस पानांची पीडीएफ आणि शेवटी दहा उदाहरणं. गेल्या खेपेला चौघांनीच उदाहरणं सोडवून पाठवली. बाकीचे ‘मिळालं मॅडम, धन्यवाद’ एवढंच लिहितात, काही जण तेही नाही. सहकारी म्हणतात, ईमेल आता जुना झाला, त्याने शिकवणं होत नाही. मलाही वाटायला लागलंय की आपण एक पायरी खाली उतरलो. हे चालू ठेवू का?

बाई, नमस्कार.

चालू ठेवा. फक्त आज ज्या पद्धतीने पाठवताय ती बदला.

‘मिळालं मॅडम, धन्यवाद’ हे वाक्य मी दोनदा वाचलं. ते लिहिणारा माणूस आळशी नाही. त्याने मेल उघडला, पस्तीस पानं पाहिली, ‘रविवारी निवांत बसू’ असं ठरवलं आणि तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून पोच दिली. तो रविवार काही आला नाही. कमावून शिकणाऱ्या माणसाच्या वाट्याला वेळेचे तुकडे येतात: जेवणाच्या सुट्टीतली वीस मिनिटं, गाडीची वाट पाहतानाची दहा, मूल झोपल्यावरचा अर्धा तास. पस्तीस पानांचा गठ्ठा या तुकड्यांत मावत नाही. चार दिवसांत तो मेल इतर मेलांच्या खाली जातो. दुसरा गठ्ठा येतो तेव्हा पहिल्याचं ओझं डोक्यावर असतंच. तिसऱ्या वेळी तुमचं नाव दिसलं की माणूस मेल उघडायचंच टाळतो.

हे मला ठाऊक आहे, कारण मी हेच केलंय. टपालाने शिकवायला लागले त्या पहिल्या वर्षी मी जाडजूड पाकिटं पाठवायची आणि त्या जाडीचा मला अभिमान वाटायचा. एका विद्यार्थिनीने चार महिन्यांनी लिहिलं की तुमची तीन पाकिटं कपाटावर आहेत आणि त्यांच्याकडे पाहिलं की लाज वाटते. शिकायला आलेल्या बाईला मी लाज पोहोचवत होते. त्यानंतर मी पाकिटं पातळ केली, आणि माझी कामाची वेळ जी पूर्वी लिहिण्यात जायची ती आलेल्या उत्तरांवर घालवायला लागले. ईमेल आल्यावर माध्यम बदललं, हे गणित बदललं नाही.

पायरी उतरल्याचं म्हणताय, त्याबद्दल. ऑनलाइन वर्गाची पहिली अट अशी की सगळ्यांनी एकाच वेळी मोकळं असायला हवं. तुमच्या अडतीस जणांना नेमकी तीच अट पाळता येत नाही, म्हणून तर ते अर्धवेळ शिकताहेत. रे टॉमलिन्सन यांनी १९७१ मध्ये एका संगणकावरून दुसऱ्यावर पहिला मेल पाठवला तेव्हापासून ईमेलचा मोठा गुण हाच राहिलाय की तो थांबतो. रात्रपाळीवरून आलेल्याने पहाटे पाच वाजता उघडला तरी पाठ तिथेच असतो, आणि कमकुवत नेटवर्कवरही साधा मजकूर उतरतो. तुमच्या विद्यार्थ्यांसाठी ही योग्य पायरी आहे.

आणि पत्राने शिकवणं ही काही कालची गोष्ट नाही. ब्रिटनमध्ये १८४० साली स्वस्त टपाल सुरू झालं आणि आयझॅक पिटमन यांनी त्याच काळात लघुलेखन टपालाने शिकवायला घेतलं. त्यांचं वैशिष्ट्य मला धडे पाठवण्यात दिसत नाही. विद्यार्थी सराव करून तो त्यांच्याकडे पाठवायचे आणि तो दुरुस्त होऊन परत यायचा. या परत येण्याला मी शिकवणं म्हणते. तुमच्या पत्रात तुम्ही काय पाठवलंत त्याची सविस्तर माहिती आहे. ज्या चौघांनी उदाहरणं सोडवली त्यांना तुम्ही काय लिहिलंत, किती दिवसांत लिहिलंत, याचा उल्लेखही नाही. मला वाटतं दुखणं तिथे आहे.

दूरशिक्षणावर आयुष्यभर विचार केलेले स्वीडनचे बोर्ये होल्मबर्ग सांगत की लांबून दिलेला पाठ हा मार्गदर्शन करणाऱ्या संवादासारखा असावा, वाचणाऱ्याला आपल्याशी कुणी बोलतंय असं वाटावं. नॉर्वेचे टॉर्स्टाइन रेकेडाल यांनी पत्रद्वारा शिकणाऱ्यांवर प्रयोग केले. तपासलेला स्वाध्याय ज्यांना लवकर परत मिळाला त्यांच्यात अभ्यासक्रम पुरा करणाऱ्यांचं प्रमाण जास्त निघालं. फरक पडला तो उत्तराच्या वेळेने. ज्यांनी मेल केलाय ते वाट पाहत असतात हो. पंधरा दिवसांनी ‘छान प्रयत्न, ७/१०’ असं आलं तर तोवर त्यांना आपण काय लिहिलं होतं तेही आठवत नाही.

आता प्रत्यक्ष मेल कसा असावा. तेरीज, म्हणजे ट्रायल बॅलन्स, हा विषय घेऊ, तुमच्या अभ्यासक्रमात तो असणारच. आज तुम्ही व्याख्या, हेतू, नमुना, मर्यादा, चुकांचे प्रकार असं सगळं एका पीडीएफमध्ये घालता. मी त्याचे चार मेल करीन, आठवड्याला एक. प्रत्येक मेल चारशे-पाचशे शब्दांचा, आणि मजकूर मेलच्या अंगातच, अटॅचमेंटमध्ये नाही. फाइल उघडणं ही आणखी एक पायरी आणि फोनवर पीडीएफ वाचणं म्हणजे बोटांनी पान मोठं-लहान करत बसणं. कीर्दीतून, म्हणजे रोजच्या नोंदींच्या वहीतून, खतावणी झाली, म्हणजे नोंदी ज्या त्या खात्यात उतरल्या, खात्यांच्या शिलका निघाल्या, आता त्या नावे (डेबिट) आणि जमा (क्रेडिट) अशा दोन बाजूंना मांडून बेरीज जुळते का पाहायचं, एवढंच एका मेलमध्ये सांगायचं. एक सोडवलेलं छोटं उदाहरण द्यायचं. आणि मग एकच प्रश्न, ज्याचं उत्तर तीन-चार ओळींत लिहून ‘रिप्लाय’ दाबता येईल.

प्रश्न निवडण्यात जीव ओता. ‘तेरीज म्हणजे काय?’ असं विचारलंत तर अडतीस जणांची एकच उतरवलेली व्याख्या येईल. असं विचारा: ‘एका व्यापाऱ्याने उधारीवर माल विकला आणि त्याची नोंद करायचीच राहून गेली. त्याची तेरीज जुळेल का? का?’ यावर अनेक जण ‘नाही’ लिहितील आणि चुकतील. नोंद दोन्ही बाजूंनी राहिली असल्यामुळे तेरीज बिनचूक जुळते, आणि हिशेब तरी खोटाच असतो. हे ज्याने आधी ‘नाही’ लिहिलं आणि मग तुमच्या उत्तरातून उलगडलं, त्याच्या ते कायम लक्षात राहील. रोडिगर आणि कार्पिक या संशोधकांनी २००६ मध्ये दाखवलं की पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा स्वतःची चाचणी घेणाऱ्यांना आठवड्यानंतर जास्त आठवतं. तेव्हा तुमचा प्रश्न हा पाठाच्या शेवटी चिकटवलेला स्वाध्याय समजू नका, पाठाचा गाभा समजा. जमलं तर शेवटी एक ओळ मागच्या महिन्यातलीही विचारा. घसारा (वापराने वस्तूची घटत जाणारी किंमत) शिकवत असाल तेव्हा नावे-जमेचा नियम सहज एकदा विचारून घ्यावा.

आणि आता उत्तर. समजा एकीने लिहिलंय: ‘मॅडम, माझी तेरीज जुळत नाही, २७० चा फरक येतोय, दोन रात्री शोधतेय.’ इथे दोन मोह होतात. एक, सोडवलेलं पूर्ण उत्तर पाठवून देणं. दुसरा, ‘पुन्हा काळजीपूर्वक तपासा’ असं लिहिणं. पहिल्याने ती काही शिकत नाही आणि दुसऱ्याने तिसरी रात्र जाते. मी लिहीन: ‘२७० ला ९ ने भाग जातो. असा फरक आला की बऱ्याचदा एखाद्या रकमेतले शेजारचे दोन अंक अदलाबदल झालेले असतात. ६३० चे ३६० झालेत का कुठे, तेवढं पाहा. तसं नसेल तर फरकाच्या निम्मी रक्कम, १३५, कुठे दिसते का बघा. दिसली तर ती नावेऐवजी जमेला पडली असेल. सापडलं की मला कळवा.’ पाच ओळी. तिला चूक सापडते ती तिची तिला, आणि नोकरीच्या ठिकाणी पुढे कधीही फरक आला तर काय करायचं हे तिच्या हाती येतं. असं उत्तर पस्तीस पानांच्या पीडीएफमध्ये कुठेच बसत नाही, कारण पीडीएफ लिहिताना तिचे २७० तुम्हाला माहीत नव्हते.

यात वेळ जातो. किती, ते मोजू. एका उत्तराला आठ मिनिटं धरली तर ३८ जणांची ३०४ मिनिटं, म्हणजे आठवड्याला पाच तासांहून थोडं जास्त. हे पाच तास तुमच्या घरच्या वेळेतून काढू नका. संस्थेला हा आकडा लेखी द्या आणि तासिकांच्या वेळापत्रकात तो मांडून घ्या. अनेक ठिकाणी समजूत अशी असते की पाठ ईमेलने जातात म्हणजे शिक्षकाचं काम हलकं झालं. शिक्षक उत्तरं देणं बंद करतो तो बहुधा याच समजुतीपायी, आणि मग विद्यार्थी लिहिणं बंद करतात. तुम्हाला पाच तास मिळत नसतील तर प्रश्न दर पंधरवड्याला ठेवा, पण उत्तर ७२ तासांत देण्याचा शब्द द्या आणि तो पाळा. वेळ वाचवायचा एक रास्त मार्ग आहे: पहिली दहा-बारा उत्तरं वाचली की तीन-चार चुकाच फिरून फिरून येताना दिसतात. त्या चुकांवर, कुणाचंही नाव न घेता, सगळ्यांना एक मेल लिहा. मग प्रत्येकाला वेगळं लिहायचं उरतं ते दोन-तीन ओळींचं.

काही व्यवहाराच्या गोष्टी, भरभर सांगते. विषयाची ओळ दर वेळी एकाच साच्यातली असू द्या, जसं ‘लेखा ०७: तेरीज, उत्तर रविवारपर्यंत’. त्यामुळे सहा महिन्यांनीही पाठ शोधता येतो आणि ज्यांना येतं ते आपल्या मेलमध्ये त्यासाठी वेगळा कप्पा लावून घेतात. वार आणि वेळ ठरलेली ठेवा, आणि वार कोणता ते त्यांनाच विचारा. मेल आधी लिहून ठेवून ठरल्या वेळी जाईल अशी सोय आता सगळीकडे असते.

विद्यार्थी कागदावर खतावणी करून फोटो पाठवतील, ते चांगलंच आहे. फक्त त्यांना सांगून ठेवा की एका मेलला दोनच फोटो. पाचशे शब्दांचा तुमचा देवनागरी मेल दहा केबीच्या आसपास भरतो आणि फोनवरचा एक फोटो सहज ३ एमबी, म्हणजे तशा तीनशे मेलांएवढा. शिवाय मेलच्या आकाराला मर्यादा असते आणि मेलमधून जाताना फाइल साधारण एक तृतीयांशाने फुगते, त्यामुळे फार मोठी फाइल अडकू शकते. विद्यार्थ्याला वाटतं गेली, तुम्हाला वाटतं त्याने पाठवलीच नाही, आणि विनाकारण एक गैरसमज होतो.

पत्त्यांच्या बाबतीत मात्र भरभर जाणार नाही. सगळ्यांचे पत्ते ‘टू’मध्ये घालू नका. माझ्या ओळखीच्या एका शिक्षिकेने तसं केलं होतं. एका विद्यार्थ्याने आपल्या आजारपणाचं, सुट्टी का हवी याचं पत्र लिहिलं आणि चुकून ‘रिप्लाय ऑल’ दाबलं. पन्नास अनोळखी माणसांकडे त्याच्या दवाखान्याची हकिगत गेली. त्याने पुन्हा काही लिहिलं नाही आणि महिन्याभरात अभ्यासक्रम सोडला. सामायिक मेल ‘बीसीसी’नेच पाठवा, त्यात एकाचा पत्ता दुसऱ्याला दिसत नाही. त्याहून चांगलं, मेल मर्ज शिकून घ्या, अर्ध्या तासाचं काम आहे. मग प्रत्येकाला त्याच्या नावाने मेल जातो, आणि नावाने आलेल्या मेलला उत्तर द्यावंसं वाटतं. गुण आणि शेरे हे तर ज्याचे त्यालाच.

एकमेकांची उत्तरं उतरवतील ही भीती तुम्ही लिहिली नाहीत, पण येईल. त्यावर माझा उपाय असा की उदाहरणातली एक रक्कम प्रत्येकाच्या हजेरी क्रमांकावरून ठरू द्यायची: ‘सुरुवातीची रोख शिल्लक = तुमचा क्रमांक × १००’. पद्धत सगळ्यांनी मिळून चर्चा करून ठरवली तरी आकडेमोड प्रत्येकाला स्वतः करावीच लागते. चर्चा तर त्यांनी करायलाच हवी.

जे गप्प आहेत त्यांच्याबद्दल मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. पत्राने शिकणारा माणूस गळतो तेव्हा आवाज होत नाही. वर्गात रिकामा बाक दिसतो, मेलमध्ये काहीच दिसत नाही. म्हणून एक साधी वही घाला: ३८ नावं, पुढे शेवटचं उत्तर आल्याची तारीख. दहा दिवस ज्याच्याकडून काही आलं नाही त्याला दोन ओळी स्वतः लिहा. ‘तुमचे तीन स्वाध्याय बाकी आहेत’ असं नको. थकबाकीची नोटीस आली की माणूस आणखी लपतो. मागचं राहू द्या, या आठवड्याच्या प्रश्नापासून या, असं लिहा. आणि खरोखरच मागचं राहू द्या. मागे पडलेल्याला परत शिरायला दार उघडं असणं हे अर्धवेळ शिक्षणात अत्यंत महत्त्वाचं आहे, त्याच्यासाठी मी गुणांचे नियमसुद्धा वाकवीन. दोनदा लिहूनही उत्तर नसेल तर फोन करा. काहींना मेल टाइप करणंच जड जातं, पण त्यांना ते सांगायला संकोच वाटतो. त्यांना कागदावर लिहून फोटो पाठवू द्या, किंवा बोलून रेकॉर्ड केलेलं पाठवू द्या.

ईमेलने सगळं होतं असं मी म्हणणार नाही. संगणकावर हिशेबाचं सॉफ्टवेअर हाताळणं, समोर बसून एखादा गुंता सोडवणं, परीक्षेची धास्ती घालवणं, यांना माणूस लागतो. महिन्यातून एकदा प्रत्यक्ष किंवा ऑनलाइन भेट ठेवा, ज्यांना जमेल ते येतील. पण त्या भेटीत नवीन प्रकरण शिकवू नका, नाहीतर न आलेले मागे पडतील. भेट फक्त अडलेल्या गोष्टींसाठी.

तुमच्या नोट्सचं काय, असं तुमच्या मनात आलं असेल. त्या फेकू नका. त्या संदर्भाला ठेवा, एका ठिकाणी चढवून मेलच्या तळाशी दुवा द्या. ज्याला खोलात जायचं तो जाईल. एवढं मनापासून केलेलं काम आहे, तुमचे पुढचे चाळीस मेल त्यातूनच निघतील.

सुरुवात या आठवड्यापासून करा, चौथ्या प्रकरणाने नाही, एका पत्राने. मी असते तर असं लिहिलं असतं, प्रत्येकाला नावाने:

‘नमस्कार. गेले तीन पाठ मी फार लांब पाठवले, ते वाचायला जमले नसतील तर त्यात तुमची चूक नाही. ते बाजूला ठेवा. इथून पुढे दर गुरुवारी एक छोटा मेल येईल, वाचायला दहा मिनिटं लागतील, शेवटी एक प्रश्न असेल. तुम्ही रविवार रात्रीपर्यंत उत्तर पाठवलंत की बुधवारच्या आत मी तुम्हाला लिहीनच. आजचा प्रश्न हिशेबाचा नाही: आठवड्यात तुम्हाला अभ्यासाला साधारण कधी वेळ मिळतो, आणि तुम्ही मेल फोनवर वाचता की संगणकावर? एका ओळीत कळवा.’

याची उत्तरं चारांहून बरीच जास्त येतील. येईल त्या प्रत्येकाला दुसऱ्याच दिवशी उत्तर द्या, दोन शब्दांचं का होईना. आणि ज्या चौघांनी उदाहरणं सोडवून पाठवली होती, त्यांचे कागद अजून तुमच्याकडे तपासायचे राहिले असतील, तर हे पत्र पाठवण्याआधी ते परत करा.